चटईवरचा अर्धा तास

मराठी भाषेने ‘खेळ’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. काम बिघडले की त्याचा खेळखंडोबा होतो, उथळ वर्तनाला आपण पोरखेळ म्हणतो, आणि एखादी गोष्ट गांभीर्याने घ्या असे सांगायचे झाल्यास ‘हा काही खेळ नव्हे’ एवढे बजावले की पुरते. अभ्यास झाल्यावर, कामे आटोपल्यावर, उरल्यासुरल्या वेळात करायची ती गोष्ट म्हणजे खेळ. आमच्या घरात मात्र गेली तीन वर्षे दिवसातला अर्धा तास या शब्दाच्या नावे राखून ठेवलेला आहे, आणि दिवसभराच्या सर्व कामांत तेच काम आम्हांला सर्वाधिक थकवते. आमचा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्याशी खेळणे हा आमच्या घरातला उपचार आहे. ‘उपचार’ हा शब्दही जरा जपूनच वापरला पाहिजे. त्याविषयी पुढे येईलच.

या अंकाच्या वाचकांपैकी काहींनी आम्हांला रविवारी पाहिलेही असेल. गायनमंडळाने पहिला सूर लावला की दोन्ही कानांवर हात घेऊन चर्चबाहेरच्या पायरीवर जाऊन बसणारा मुलगा आणि त्याच्याशेजारी आम्हां दोघांपैकी एक, ते आम्हीच.

तो अडीच वर्षांचा होता तेव्हा त्याच्या तोंडी एकही शब्द नव्हता. नावाने हाक मारली तर मान वळत नसे. पण स्वयंपाकघरात डब्याचे झाकण पडले की दुसऱ्या खोलीतून तो धावत येई. म्हणजे कानांत दोष नव्हता. (तरीही आम्ही श्रवणचाचणी करून घेतली, ती सर्वांनीच आधी करून घ्यावी.) पाणी हवे असले की जो जवळ असेल त्याचे मनगट धरून तो माठापर्यंत नेई आणि आमचा हात पेल्यावर ठेवी. आमच्या तोंडाकडे मात्र पाहत नसे. स्टीलच्या डब्यांची झाकणे फरशीवर भिंगरीसारखी फिरवायची आणि ती थरथरत निपचित होईपर्यंत त्यांच्या शेजारी आडवे पडून पाहत राहायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग होता.

आप्तेष्टांनी धीर दिला. मुलगे उशिराच बोलतात; अमक्याचा मामा पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता आणि आज नामांकित वकील आहे. प्रत्येक घराण्यात असा एक वकील असतोच. मुंबईच्या एका बालविकासतज्ज्ञांनी दोन भेटींत मुलाला पाहून, आम्हांला शंभर प्रश्न विचारून निदान सांगितले तेव्हा तो तीन वर्षांचा होण्याच्या बेतात होता. त्यानंतर धीराचे शब्द संपले आणि दुसऱ्या जातीचे शब्द सुरू झाले. मूल झाल्यावर आईने नोकरी सोडायला हवी होती. त्याला मोबाइल दाखवत असणार. आजी त्याच्याशी कादोडीत बोलते, बाप मराठीत, बालवाडीत इंग्रजी. पोर गोंधळणार नाही तर काय? हे बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. कारण सापडले की माणसाला हायसे वाटते, आणि आई हे कारण नेहमीच हाताशी असते.

हा ठपका काही आपल्याच समाजाची निर्मिती नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासात तो पायाभूत मानला जातो. मुलांचे हे वेगळेपण जन्मजात असावे असे त्यांनी त्यात म्हटले होते. पण त्यांचे आईबाप पुस्तकी आणि कोरड्या स्वभावाचे आहेत अशीही नोंद केली होती. पुढच्या दोन दशकांत पहिले वाक्य मागे पडले आणि दुसरे फोफावले. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात आईबापांच्या, विशेषतः आईच्या, मनातील नकाराला जबाबदार धरले. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग त्या काळात डॉक्टरांच्या तोंडी सहज असे. वास्तविक त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे साधार मांडले होते. रिमलंड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. आज या अवस्थेत आनुवंशिक घटकांचा वाटा फार मोठा असल्याचे सर्वमान्य आहे, आणि संगोपनामुळे ती उद्भवते असे कोणीही जाणकार म्हणत नाही.

हे सारे वाचून आम्ही सावरलो होतो. तोच आमच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की, आठवड्यातून एकदा पाऊण तास मी याच्याशी बसून जे होईल त्याहून अधिक तुम्ही रोज घरी खेळून होईल. आणि मी मुख्यतः तुम्हांलाच शिकवणार आहे. ते ऐकून आमच्या पोटात खड्डा पडला. आमच्या हातून खेळल्याने फरक पडणार असेल, तर आजवर जे झाले तेही आमच्याच हातून झाले असा त्याचा अर्थ होत नाही काय? आम्हांपैकी जी आई आहे तिने हा प्रश्न उघडच विचारला. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “ताई, कमी दिसणाऱ्या मुलाला आपण मोठ्या अक्षरांचं पुस्तक देतो. म्हणजे लहान अक्षरांच्या पुस्तकाने त्याचे डोळे बिघडवले होते, असं म्हणतो का?” या एका उत्तरामुळे आम्ही त्यांच्याकडे टिकलो. आईबापांना शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे सांगायला हवे, कारण ते न सांगता शिकवलेला प्रत्येक धडा आईच्या कानावर आरोप होऊन पडतो.

आता तो खेळ म्हणजे काय ते सांगतो. वाचकाची निराशा होण्याचा संभव आहे, कारण पाहणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही.

आपल्या घरांत लहान मुलांशी जे बोलणे होते ते मुख्यतः प्रश्नांचे आणि आज्ञांचे असते. हे काय? तो कोण? काऊ कसा ओरडतो? आत्याला टाटा कर. बहुतेक मुले यातूनच भाषा उचलतात. आमची थोरली मुलगी याच रीतीने बोलायला शिकली आणि अजून थांबलेली नाही. या मुलाला मात्र प्रत्येक प्रश्न ही परीक्षा वाटे, आणि परीक्षेच्या दालनातून तो उठून जाई. म्हणून त्याच्यासाठी रीत वेगळी. दिवसातून अर्धा तास चटई अंथरायची, दूरदर्शन संच बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आपण मुलाच्या समोर बसायचे, शक्य तर त्याच्या डोळ्यांच्या खालच्या पातळीवर, म्हणजे कित्येकदा पोटावर पालथे पडून. खेळणे तो निवडील. पहिले काही दिवस तर नुसते पाहायचे: तो कशाकडे पाहतो, कशाने हसतो, कोणत्या आवाजाला थबकतो. शिकवायचे काहीच नाही. शाळेत बावीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या आमच्यापैकी एकाला हे पाळणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना वाचकांतील शिक्षक करू शकतील.

नंतर आम्ही आपापली झाकणे घेऊन बसलो. त्याने फिरवले की आम्हीही फिरवायचे. त्याने हात आखडला की आम्हीही. तिसऱ्या दिवशी तो मधेच थांबला, आमच्या झाकणाकडे पाहिले आणि आपले पुन्हा फिरवले. आम्ही फिरवले. तो थांबला. आम्ही थांबलो. आपण केले की समोरचाही करतो, हे त्याच्या ध्यानात आले असावे. दोन माणसांच्या संभाषणाचा सांगाडा याहून निराळा काय असतो? एकाने बोलावे, थांबावे. दुसऱ्याने बोलावे, थांबावे. शब्द त्या सांगाड्यावर मागाहून चढतात.

शब्दांचाही नियम आहे. त्याला बोलता आले असते तर या क्षणी तो जे म्हणाला असता, तेच आणि तेवढेच म्हणायचे. ‘फिर’. ‘पडलं’. ‘अजून’. ‘बघ किती छान फिरतंय, चल आता मोजू या’ असे नव्हे. आणि म्हटल्यावर थांबायचे. मनात दहा आकडे मोजायचे. संभाषणातली दहा आकड्यांची शांतता आपल्याकडे भांडणानंतरच अनुभवास येते. ती सहन करायला मोठ्या माणसांना सराव लागतो. पुष्कळदा आठव्या-नवव्या आकड्याला काहीतरी येई: एखादा हुंकार, हाताची हालचाल, कटाक्ष. ते आले की लगेच उत्तर द्यायचे, कारण ते त्याचे बोलणेच होय.

काही युक्त्याही आहेत. साबणाच्या फुग्यांच्या बाटलीचे बूच घट्ट लावून ती त्याच्यापुढे ठेवायची, आणि आपण तिच्याकडे व त्याच्याकडे पाहत बसायचे. झोका सातआठ वेळा हलवून मग हाताने धरून ठेवायचा. पेल्यात पाणी घोटभरच घालायचे. हे सर्व त्याला मागण्याचे निमित्त मिळावे म्हणून. पण येथे तारतम्य हवे. मूल तहानलेले असताना शब्दासाठी पाणी अडवून धरणे ही क्रूरता आहे. काही ठिकाणी तसे शिकवतात असे आम्ही ऐकले आहे. आमच्या बाईंचा दंडक असा की निमित्त निर्माण करावे, पण अडवणूक करू नये. मुलाने हात पुढे केला तरी ते मागणे झाले, आणि मागितले की मिळाले पाहिजे.

या अभ्यासात आमच्या आजीने घातलेली भर नोंदवलीच पाहिजे. बाळाच्या तळहातावर बोट टेकवायचे, मग दोन बोटांची पावले करून मनगट, कोपर असे वर वर चालत जायचे आणि शेवटी काखेत गुदगुल्या करायच्या, हा मांडीवरचा खेळ महाराष्ट्रात घरोघर आहे. आजी तो खेळताना कोपराजवळ येऊन थांबत असे, डोळे मोठे करून, श्वास रोखून. एके दिवशी त्या थांबण्यात मुलाने मान वर केली आणि थेट तिच्या तोंडाकडे पाहिले. बोटे पुढे का सरकत नाहीत याची चौकशीच जणू. बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी आजीलाच पुढच्या भेटीला बोलावून घेतले. आजी लुगडे सावरून चटईवर बसली. बाईंनी वहीत बरेच काही लिहून घेतले. परतताना आजीने एवढेच विचारले, “हे शिकायला तिला इतकी वर्षं कॉलेजात का जावं लागलं?”

आजीच्या निमित्ताने भाषेचा प्रश्नही निकालात निघाला. घरची बोली सोडून मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, म्हणजे शाळेत सोपे जाईल, हा सल्ला आम्हांला एका दवाखान्यात मिळाला होता, आणि असा सल्ला मिळालेली चार कुटुंबे तरी आमच्या ओळखीची आहेत. कॅनडात माँट्रियल येथे झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषा एका भाषेच्या घरातील अशा मुलांपेक्षा अधिक मागे पडलेली आढळली नाही. नंतरच्या अभ्यासांचा सूरही तसाच आहे. पण अभ्यास बाजूला ठेवला तरी, आजीने मोडक्या इंग्रजीत गुदगुल्या कशा करायच्या? जी भाषा आपल्याला खेळवता येते त्याच भाषेत खेळावे. कादोडी आमच्या घरात राहिली.

आता व्हिडिओविषयी. आमच्या बाई ज्या पद्धतीने काम करतात तिचा कणाच तो आहे. आम्ही मुलाशी खेळत असताना दहा मिनिटांचे चित्रण करायचे, आणि मग मुलाला आजीकडे सोपवून आम्ही तिघांनी ते पाहायचे. स्वतःला असे पडद्यावर पाहणे कोणालाही रुचत नाही. पोट सुटलेले दिसते, आवाज परका वाटतो. आमची अपेक्षा होती की बाई आता चुका दाखवतील. त्यांनी एकही दाखवली नाही. त्या चित्र पुढे नेत आणि एखाद्या ठिकाणी थांबवून विचारीत, “इथे काय झालं?” आम्हांला काहीच झालेले दिसत नसे. पुन्हा मागे नेत. पुन्हा.

एका दुपारी त्यांनी असेच चित्र थांबवले. पडद्यावर झाकण नुकतेच निपचित झालेले होते. मुलाची नजर झाकणावर, मग आईच्या तोंडावर, मग पुन्हा झाकणावर. सारे मिळून सेकंदभराचे. त्या सेकंदाला आई चटईवरच समोर होती, तरी प्रत्यक्षात ते तिला दिसले नव्हते. कोणालाच दिसले नसते, इतके ते निसटते होते. ‘हे पडले, तू पाहिलेस ना?’ एवढा मजकूर त्या नजरेत होता. दोन माणसांनी एकाच वस्तूकडे पाहावे आणि दुसराही पाहतो आहे हे दोघांना ठाऊक असावे, ही गोष्ट सामान्यतः मुले वर्षाच्या आतबाहेर शिकतात; बोट दाखवणे, दाखवायला वस्तू आणून देणे हे त्यातूनच येते. आमच्या मुलाकडे ती नाही असे निदानाच्या कागदावर लिहिलेले होते. पडद्यावर ती होती. बाईंनी तो सेकंद आम्हांला पाच-सहा वेळा दाखवला आणि विचारले की लगेच पुढे ताईंनी काय केले ते पाहा. आई पडद्यावर हळूच ‘पडलं’ म्हणाली होती. तिला स्वतःलाही ते आठवत नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघे घरी येताना गाडीत एकमेकांशी बोललो नाही. दुःख झाले म्हणून नव्हे.

ही पद्धत एकट्या आमच्या बाईंची नव्हे. मँचेस्टर विद्यापीठाचे प्राध्यापक जोनाथन ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी लंडन, मँचेस्टर व न्यूकॅसल येथे पाच वर्षांखालील १५२ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांत तिची रीतसर चाचणी घेतली. सहा महिने दर पंधरवड्याला व पुढे सहा महिने महिन्यातून एकदा तज्ज्ञांची भेट, आणि घरी रोज अर्धा तास सराव, अशी तिची आखणी होती. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते भारावून टाकणारे नव्हते. आईबापांचे प्रतिसाद मुलाशी अधिक मिळतेजुळते झाले, मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली; पण स्वमग्नतेच्या लक्षणांच्या तीव्रतेत निर्णायक फरक दिसला नाही. सुमारे सहा वर्षांनी त्यांपैकी १२१ मुलांना पुन्हा तपासले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मात्र या गटातील मुलांच्या लक्षणांची तीव्रता दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. भाषेच्या चाचणीत दोन्ही गटांत ठळक अंतर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. खेळाने मूल घडाघडा बोलू लागते असे या संशोधनाने कोठेही म्हटलेले नाही.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची चाचणी शेजारी गोव्यात झाली. १९९६ साली स्थापन झालेली ‘संगाथ’ ही गोव्यातील संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी ग्रीन यांच्यासह हीच पद्धत आपल्याकडच्या परिस्थितीला अनुरूप करून घेतली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले. आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत, असतील तर शहरात आहेत, आणि शहरातले परवडत नाहीत. म्हणून येथे आईबापांना शिकवण्याचे काम तज्ज्ञांनी केले नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्य-कार्यकर्त्यांनी केले. त्याचे निष्कर्षही २०१६ सालीच आले: आईबापांचे प्रतिसाद जुळू लागले, मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला. असे उलटसुलट निष्कर्ष प्रामाणिकपणे छापले जातात, म्हणूनच उरलेल्यांवर विश्वास बसतो. गोव्यातील एका खेड्यातली आई आणि रावळपिंडीतली आई एकाच वर्षी आपापल्या चटईवर बसून दहा आकडे मोजत असतील, हा विचार आम्हांला कित्येक कंटाळवाण्या संध्याकाळी उपयोगी पडला आहे.

संध्याकाळी कंटाळवाण्या असतातच. विरारच्या गाडीतून दीड तास उभ्याने आलेल्या माणसाला पोटावर पालथे पडून झाकण फिरवण्याची हौस नसते. ‘पालकांनी करावयाचा उपचार’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘आईने करावयाचा’ असा होतो. बापाच्या वाट्याला गाडीभाडे आणि काळजी. आम्ही वार वाटून घेतले आहेत आणि ते भिंतीवर लिहून ठेवले आहेत, कारण लिहिले नाही तर प्रेमळ घरांतही काम आपोआप एकीकडे घरंगळते. थोरल्या मुलीने पहिल्या वर्षी एकदा विचारले होते, “माझ्याबरोबर तुम्ही असं कधी झोपून खेळलात?” तिच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ वेगळी ठेवली, तिच्यात धाकट्याला प्रवेश नाही. त्यानंतर तीच अधूनमधून त्याच्या चटईवर येऊन बसू लागली. थांबण्याच्या कामात ती आम्हां दोघांपेक्षा सरस आहे. मुलांना घाई नसते.

‘उपचार’ हा शब्द जपून वापरावा असे आरंभी म्हटले. स्वतः स्वमग्न असलेली प्रौढ माणसे आज लिहू-बोलू लागली आहेत, आणि त्यांचे एक म्हणणे आम्हांला पटते: आम्हांला चारचौघांसारखे दिसायला शिकवू नका, आमचे ऐकायला शिका. ‘डोळ्यांत बघून बोल’ असा धाक आमच्या घरात नाही. कित्येक स्वमग्न माणसे सांगतात की डोळ्यांत पाहायचे तर ऐकणे जमत नाही. झाकणे फिरवण्यालाही आम्ही बंदी केलेली नाही. तो त्याचा विसावा आहे. तेथूनच तर आम्हांला आत जाण्याचे दार मिळाले. दुसरीकडे ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्यांचा बाजार आहे. मूलपेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता घालवण्याचे आश्वासन आम्हांलाही एका ठिकाणी मिळाले होते, खर्चाचा आकडा लाखांत होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ साली हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारसयोग्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. चटईला मात्र खर्च नाही, आणि ती काही घालवून देण्याचे आश्वासनही देत नाही.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्याचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘पपा’ही नव्हता. तो ‘कण’ होता, झाकणातला ‘कण’. आज त्याच्याजवळ साठ-सत्तर शब्द आहेत, आणि शब्द नसेल तेथे चित्रांची कार्डे आहेत, ती तो आमच्या हातावर आणून ठेवतो. कार्डांमुळे बोलणे खुंटेल अशी भीती अनेकांनी घातली; तसे झाले नाही. कोठे दुखते हे अजून तो सांगू शकत नाही. ताप आला की आमची रात्र अंदाज करण्यात जाते. पुढच्या वर्षी शाळेचे काय, याचे उत्तर सापडलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे; तो कायदा आम्ही दोन मुख्याध्यापकांना वाचून दाखवला. दोघांनीही चहा उत्तम पाजला.

गेल्या पावसाळ्यात जवळच्याच एका गावातून एक आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तिच्या घरचेही एखाद्या वकिलाची वाट पाहत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथेच झाला. त्याखाली अंगणवाडीतील मुलांची विकासातील विलंबासाठी तपासणी होते आणि तेथून जिल्हास्तरावरील केंद्राकडे पाठवता येते, हे तिला ठाऊक नव्हते. त्याची माहिती दिली, श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितले, बाईंचा पत्ता दिला. नंबर लागायला तीन महिने होते. तोवर काय करू, असे तिने विचारले. आम्ही तज्ज्ञ नव्हेत; जवळ बसा, ती काय पाहते ते पाहा आणि जमल्यास फोनवर टिपून ठेवा, इतकेच म्हणालो.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली होती. तिने फोनवर चार मिनिटांचा व्हिडिओ लावला. मुलगी अंगणातल्या नळाखाली हात धरून उभी होती, पाणी बोटांमधून गळत होते, आई शेजारी उकिडवी बसलेली. आम्ही दोघे पाहत होतो आणि आम्हांला काही दिसत नव्हते. तिने अंगठ्याने चित्र थांबवले, किंचित मागे घेतले आणि म्हणाली, “थांबा हां. आता इथे बघा.”